आठशे रुपयांचं पान

अण्णा, आधीच माफी मागते. चुका भरपूर होतील. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, आणि माझ्या अक्षराबद्दल तर तुम्हीच म्हणायचात, "मालनबाई, तुमची ओळ हेब्बाळच्या चढावर चाललेल्या बससारखी आहे, अर्ध्यात जाऊन मागं घसरते." चौथीपर्यंतच शिकले मी. पाचवीच्या आधीच निपाणीला आईबरोबर तंबाखूच्या वखारीत बसले. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती थेट तुमच्या वहीसाठी, पस्तिसाव्या वर्षी.

ही तुमचीच वही आहे. शेवटची काही पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. तुमची लाल पेन्सिल अजून दोऱ्याला बांधलेली आहे. माझं लिहून झालं की तुम्ही तिनं चुकांखाली रेघा मारायचात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज कुणी रेघा मारणार नाही, आणि मला तेच जास्त टोचतंय.

साडेतीनला सगळे घरी गेले. भांडी घासून झाली. तुमच्या खुर्चीवर बसायचा धीर झाला नाही, शेजारच्या खुर्चीवर बसले आहे. तुमचे तेरा दिवस होऊन गेले.

मी पहिल्या दिवशी कामाला आले ते आठवतं का, असं विचारणार होते. पण ते तुम्हाला तेव्हाही आठवत नव्हतं. म्हणून मीच सांगते. इंदिरानगरातलं हे तळमजल्याचं भाड्याचं घर, दारावर लहानशी पाटी. डोक्याला मार बसलेली मोठी माणसं दिवसभर इथं येतात, एवढंच मला कुणीतरी सांगितलं होतं. स्वयंपाकाला बाई हवी होती. सेंटर चालवणाऱ्या लीला मॅडमना मी घाबरत घाबरत विचारलं, "शाळा किती वाजता सुटते?" तुम्ही मागून ओरडलात, "शाळा? बाई, मी रोज दाढी करून येतो. शाळेत दाढी करून कोण येतं?"

"हेडमास्तर," माझ्या तोंडून निघून गेलं.

तुम्ही इतके हसलात की मॅडम पाणी घेऊन धावल्या. त्यानंतर त्या दिवशी मी सेंटरमध्ये आणखी एक शब्द बोलले नाही.

नंतर हळूहळू कळत गेलं. तुम्ही सिटी बसमध्ये कंडक्टर होता. फूटबोर्डवरून पडलात, डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आपटला. त्याच्या आधीचं सगळं जागच्या जागी होतं. शिवाजीनगर ते हेब्बाळ सगळे स्टॉप, जुनी भाडी, कुठल्या स्टॉपवर कोण म्हातारी सुट्टे नाहीत म्हणून भांडायची ते. पण त्याच्या नंतरचं काही डोक्यात थांबत नव्हतं. तुमचं ताट मी विसळत असायची आणि तुम्ही दारात येऊन विचारायचात, "आज जेवायला देणार आहात का नाही?"

म्हणून वही. मॅडमनी प्रत्येक मेंबरला एक जाडजूड वही दिली होती. पेशंट म्हणायचं नाही, मेंबर म्हणायचं, हा त्यांचा नियम. दिवसभरात काय काय झालं ते वहीत लिहायचं, सव्वातीनला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, वही गळ्यात घालून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी येताना मागची पानं वाचत यायची. बाकीच्यांच्या वह्या कानडीत नाहीतर इंग्रजीत. तुम्ही हट्ट धरलात, मला मराठीत पाहिजे. तुम्ही लहानपणी खानापूरला मामांकडे राहून मराठी शाळेत शिकलेले. पण तुमचा उजवा हात थरथरायचा, लिहिता येत नव्हतं. आणि सेंटरमध्ये मराठी अक्षरं येणारी मी एकटी.

मी नको म्हटलं. मॅडम त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "शुद्ध नको मालन, खरं लिही. अण्णांच्या डोक्यात राहत नाही ते या वहीत राहतं. वहीत नाही ते त्यांच्यासाठी झालंच नाही."

ते शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं अण्णा. पुढं जे केलं ते, कळत नव्हतं म्हणून केलं नाही.

तुमची बस सुरू झाली तो दिवस मला सणासारखा आठवतो. सहा महिने मॅडम तुमच्याबरोबर येत-जात होत्या. मग एका सोमवारी तुम्ही हेब्बाळहून एकटे निघालात, शिवाजीनगरला बस बदललीत, आणि पावणेदहाला फाटकात उभे. गळ्यात वही, खांद्याला कंडक्टरची कातडी बॅग. बॅगेत तुमचा तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच, डेपोत जमा करायचा राहिलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "टाळ्या कसल्या? ट्रिप वेळेवर आली, एवढंच." पण तुमचा चेहरा मी पाहिला होता.

तुमच्या थोरल्या बहिणीला, सरस्वतीअक्कांना, हे पसंत नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे राहत होता, जबाबदारी त्यांच्यावर. त्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं होतं, "एक दिवस हा चुकला, नाहीतर बॅगेतलं काही हरवलं, की बस बंद. मी याला पुन्हा शोधत फिरणार नाही." मॅडमनी मान्य केलं. तुमची कागदी पिशव्या चिकटवायची मजुरी तुमच्याच बॅगेत राहायची, तीही तुम्हीच सांभाळायची. अक्का महिन्यातून एकदा मोजायच्या. दरवेळी पैशापैशाला बरोबर. कंडक्टरची बॅग शॉर्ट येत नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात.

आणि मग माझा गॅसचा नंबर लागला.

किती वर्षं वाट पाहिली होती मी. कार्ड आलं, आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर नंबर मागं. यांची फॅक्टरी बंद पडलेली. इकडून तिकडून गोळा करून आठशे कमी पडत होते. सेंटरच्या स्वयंपाकघरात मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. रडत नव्हते. कांदा चिरत होते असं मी म्हटलं, आणि तुम्ही म्हणालात, "आज तर वांगी आहेत."

मग मी सांगितलं. इतर कुणाला सांगितलं नसतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही विसरणार होता. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तुम्ही बॅग उघडलीत. नोटा दोनदा मोजल्यात. आठशे. दाराशी मूर्ती सर खुर्ची टाकून बसले होते. सर पूर्वी हायस्कुलात गणित शिकवायचे. स्कूटरवरून पडल्यापासून त्यांना सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, कानडीतलं 'बरं', "सरी." हो म्हणायला सरी, नको म्हणायला सरी, तहान लागली तरी सरी. तुम्ही त्यांना म्हणालात, "सर, साक्षीदार हं तुम्ही." ते म्हणाले, "सरी."

"लिहा वहीत," तुम्ही मला म्हणालात.

"लिहिते अण्णा."

सव्वातीनला वही उघडली. वांग्याची भाजी लिहिली. रस्ता ओलांडला ते लिहिलं. मेंबरकडून पैसे घेतले तर कामावरून काढणार, हा मॅडमचा नियम मला पाठ होता, आणि पान मोठ्यानं वाचायचं होतं. पगार झाला की गुपचूप बॅगेत ठेवीन, असं मी स्वतःला सांगितलं. पान वाचलं. तुम्ही मान डोलावलीत. मूर्ती सर माझ्याकडे बघत म्हणाले, "सरी?" मी वही बंद केली.

आठव्या दिवशी अक्का आल्या. चप्पल न काढता आत आल्या, त्यावरूनच मला कळलं.

"आठशे रुपये कुठं गेले रे केशव?"

तुम्ही बॅग टेबलावर उलटी केलीत. पंच, कंगवा, सुट्टे, बसची जुनी तिकिटं. पुन्हा भरलीत, पुन्हा उलटी केलीत. "शॉर्ट येणार नाही," तुम्ही म्हणत होता. "अक्का, स्वल्प थांब. शॉर्ट येणार नाही." तिसऱ्यांदा सुट्टे टेबलावरून खाली पडले, आणि बाकीचे मेंबर टेबलाखाली वाकून ते गोळा करायला लागले.

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मालनबाई, वहीत बघा. वहीत असणार."

मी वही उघडली. आठ दिवसांची पानं एकेक करून वाचली. वांगी, भेंडी, पेपर, पाऊस, रस्ता. आवाज माझाच होता पण दुसरंच कुणी वाचत असल्यासारखा. मूर्ती सर उठून उभे राहिले. टेबलावर हात आपटायला लागले, माझ्याकडे बोट, वहीकडे बोट, "सरी! सरी! सरी!" मॅडमना वाटलं आरडाओरड्यानं त्यांना त्रास होतोय. त्यांना धरून बाहेर नेलं. जाता जाता ते मान वळवून मला बघत होते. ती नजर अजून इथं या खोलीत आहे.

"वहीत नाही," मी म्हटलं.

तुम्ही खाली बसलात. "मग मीच हरवले," म्हणालात. तुम्ही माझ्यावर नाही, वहीवर विश्वास ठेवलात.

अक्का म्हणाल्या, "लिही मालन. आठशे रुपये हरवले, असं लिही. रोज वाचू दे. म्हणजे बसचा हट्ट धरणार नाही."

मी लिहिलं अण्णा. माझ्या हातानं. 'आठशे रुपये हरवले.' तुम्ही त्या दिवशी लाल पेन्सिल हातात घेतली नाहीत.

बस बंद. त्यानंतर अक्का तुम्हाला ऑटोनं आणायच्या, आठवड्यातून दोनदा, ऑटोचं भाडं रोज परवडत नव्हतं म्हणून. बाकीचे दिवस तुम्ही घरी. ऑटोत तुम्ही मागची पानं वाचत यायचात, आणि ते वाक्य तुम्हाला दरवेळी नव्यानं कळायचं. उतरताना विचारायचात, "मालनबाई, मी पैसे हरवले? मी?" आणि मी म्हणायची, "आत चला अण्णा, चहा झालाय."

माझ्या घरी गॅस आला होता. काडी ओढली की निळी ज्योत. पंप मारायला नको, काजळी नको. शेजारणी बघायला आल्या. मी त्यांना चहा करून दिला आणि माझा कप तसाच मोरीत ओतला.

पहिल्यांदा मी तुम्हाला सांगितलं ते मागच्या अंगणात, मी घेवड्याच्या शेंगा निवडत होते आणि तुम्ही पिशव्या चिकटवत होता तेव्हा. आधी तुम्हाला समजलंच नाही. मग समजलं. तुमचा रंग बदलला. "माझ्यासमोर वहीतून खोटं वाचलंत?" खळीचं भांडं तुम्ही भिंतीवर फेकलंत. त्या दिवशी जेवला नाहीत. मला बरं वाटलं, खरंच सांगते. वाटलं, आता शिक्षा मिळाली, आता सुटले. सव्वातीनला मी पानावर लिहिलं, 'अण्णा चिडले.' का चिडले ते लिहिलं नाही.

पुढच्या खेपेला ऑटोतून उतरलात आणि हसून म्हणालात, "काय मालनबाई, आज तरी सार आंबट करू नका."

शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. तुमचा राग गेला होता, पण 'आठशे रुपये हरवले' मात्र गेलं नव्हतं. ते वहीत होतं.

त्यानंतर तुम्ही मोजायला लागलात. पन्नास पिशव्यांचा गठ्ठा बांधायचा, की सोडून पुन्हा मोजायचा. पुन्हा बांधायचा, आणि मूर्ती सरांपुढे सरकवायचा. "सर, तुम्ही बघा. माझं मोजणं आता खरं नाही." मी दारातून ते ऐकलं. इतकी वर्षं बसभर माणसांचे पैसे बोटांवर सांभाळलेला माणूस पन्नास कागदी पिशव्यांना घाबरत होता. ते माझ्यामुळं. त्या दिवशी मी हात पुसले आणि तुमच्यासमोर येऊन बसले. मूर्ती सर तिथंच होते.

मी पुन्हा सगळं सांगितलं. भांड्याकडे लक्ष ठेवून, कारण फेकाल असं वाटलं.

तुम्ही हातातला गठ्ठा खाली ठेवलात. मग म्हणालात, "म्हणजे शॉर्ट नव्हतं?"

"नव्हतं अण्णा."

"बॅग बरोबर होती?"

"पैशापैशाला बरोबर होती."

तुम्ही उठून उभे राहिलात आणि टेबलावर थाप मारलीत, बस सोडायला पत्र्यावर मारतात तशी. "रैट! सर, ऐकलं का? शॉर्ट नव्हतं!" आणि मूर्ती सर, त्यांच्या डोळ्यांतून पाणी, "सरी, सरी, सरी," किती वेळ.

मला वाटलं होतं तुम्ही मला काहीतरी म्हणाल. तुम्हाला माझी आठवणच नव्हती त्या क्षणी. माझं पाप तुम्हाला दिसलंच नाही, तुम्हाला फक्त तुमची बॅग परत मिळाली होती. मग हळूहळू तुमचा चेहरा उतरला.

"पण मालनबाई, हे मला उद्या माहीत नसणार."

"नाही."

"मग लिहा."

"माझं काम जाईल अण्णा."

"जाईल," तुम्ही म्हणालात. रागानं नाही. "माझंपण गेलं होतं." वही उघडून तुम्ही माझ्यापुढं ठेवलीत. मूर्ती सरांनी पेन्सिल माझ्या बोटांत धरवली, पहिलीतल्या पोराला धरवतात तशी.

ते पान आता माझ्यासमोर आहे. 'मालननं अण्णांकडून आठशे रुपये घेतले. वहीत लिहिलं नाही. नंतर हरवले असं खोटं लिहिलं. अण्णांनी हरवले नाहीत. अण्णांचा हिशेब बरोबर होता. मालन.' सहा ओळी. त्यात तुम्ही चार ठिकाणी लाल रेघा मारल्यात, मी वाचायला उठायच्या आधी. त्या अवस्थेतसुद्धा.

सव्वातीनला मी उभी राहून वाचलं. जी बाई पाहुण्यांसमोर चहाचा ट्रेसुद्धा आणत नाही, ती. लीला मॅडमना मराठी अर्धंच कळायचं, पण 'आठशे' कळलं आणि 'मालन' कळलं. त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं. मग दार लावून म्हणाल्या, "काम राहील. अण्णांनी जाता जाता स्वतः सांगितलंय मला, काढू नका म्हणून. पण तीन महिन्यांच्या बस कोण देणार परत?" 

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. त्यांना कानडी वाचता येतं, मराठी अक्षरं येत नाहीत. "वाच," म्हणाल्या. पुन्हा मलाच वाचावं लागलं. ऐकून झाल्यावर त्या तुमच्याकडे वळल्या आणि तुमच्या शर्टाची कॉलर नीट केली, ती नीटच होती. मग मॅडमना म्हणाल्या, "तीन महिने मी याला येडा म्हटलं. हे तोंड आता कुठं धुऊ?"

सोमवारी पावणेदहाला तुम्ही फाटकात. बॅग, वही, दाढी केलेली.

पण मी लिहिलेलं पानही आता रोज तुमच्याबरोबर बसमध्ये असायचं. हेब्बाळहून निघताना तुम्हाला काही माहीत नसायचं, आणि इंदिरानगरला उतरेपर्यंत सगळं कळलेलं असायचं. रोज नव्यानं. रोज पावणेदहाला मी फाटकाशी उभी राहायची, आज कुठला चेहरा येतोय ते बघायला. कधी तुम्ही माझ्याकडे न बघता आत जायचात आणि दिवसभर माझ्या हातचं पाणी घ्यायचा नाहीत. कधी फाटकातूनच, "काय हो, गॅस कसा चाललाय?" एकदा तर बसमधून उतरून माझ्यासाठी केळी घेऊन आलात आणि म्हणालात, "फार वाईट दिवस काढले असतील तुम्ही." ती केळी मला त्या पाणी न घेण्यापेक्षा जड गेली. तेरा महिने रोज सकाळी पावणेदहापर्यंत मी घोटभर चहासुद्धा घेतला नाही. नवऱ्याला वाटायचं आजारी आहे.

दर महिन्याला पगार झाला की मी पन्नास रुपये द्यायची. तुम्ही नोट उजेडात धरून बघायचात, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायचात, मग पंच काढून त्या पानाच्या कडेला एक भोक पाडायचात. टिक. "पावती," म्हणायचात. थरथरत्या हातानं रेघेपलीकडे अक्षर उमटायचं नाही, पण पंच बरोबर बसायचा.

आपलं भांडण तेवढं राहिलं. तुम्हाला आठवायचं नाही, पण तुम्ही चार-पाच वेळा तरी तेच म्हणालात, दरवेळी पहिल्यांदा सुचल्यासारखं. "मालनबाई, हे पान फाडून टाका. मला रोज सकाळी नवा राग येतो, चांगल्या बसप्रवासात. कशाला?"

"फाडलं तर तुम्ही परत म्हणाल मी हरवले."

"तेवढं वाक्य ठेवा. हिशेब बरोबर होता, एवढंच. तुमचं नाव काढा."

"कंडक्टर आपलं हिशेबाचं वेबिल फाडतो का अण्णा?"

यावर तुम्ही हसून म्हणायचात, "बाई वाद चांगला घालते." पण शेवटच्या खेपेला, मागच्या महिन्यात, तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. म्हणालात, "वेबिल एका दिवसाचं असतं. दुसऱ्या दिवशी नवीन देतात." मी काहीतरी उत्तर देणार होते, पण कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. ते उत्तर काय होतं ते आज मला आठवत नाही. कदाचित नव्हतंच. कदाचित मला ते पान हवं होतं, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला रोज कुणीतरी ओळखायला हवं होतं.

मग तो शनिवार. सकाळी दाढी करताना तुम्हाला फिट आली. अक्कांनी शेजाऱ्याच्या फोनवरून कळवलं. तरीही सोमवारी पावणेदहाला मी फाटकाशी उभी राहिले. मूर्ती सर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. दहा वाजले. ते म्हणाले, "सरी," आणि मला आत घेऊन गेले.

भोकं तेरा झाली होती. म्हणजे साडेसहाशे. दीडशे राहिले होते. यांची फॅक्टरी सुरू झालीय, या वेळी एकदम काढता आले. परवा मी पहिल्यांदा तुमच्या रस्त्यानं गेले अण्णा, उलट्या बाजूनं. शिवाजीनगरला बस बदलली. तुम्ही सांगायचात ते सगळे स्टॉप त्याच क्रमानं आले. एकसुद्धा चुकला नाही.

अक्कांनी दार उघडलं. बसा म्हणाल्या नाहीत, मी उभीच राहिले. पन्नासच्या तीन नोटा पुढं केल्या.

"हे काय?"

"राहिलेले."

"तो माणूस गेला मालन. आता कुणाला देतेस?"

"अण्णांनाच."

त्यांनी तिन्ही नोटा माझ्या हातातून घेतल्या. मग आत गेल्या आणि तुमची बॅग घेऊन आल्या. आतल्या कप्प्यात रबर लावलेलं पुडकं होतं. तेरा नोटा. एकही खर्च केली नव्हतीत. बॅग दर महिन्याला अक्काच मोजायच्या, त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं, या वेगळ्या का. म्हणाला, गाडी अजून डेपोत लागली नाही, हिशेब पुरा व्हायचाय."

तीन नोटा त्यांनी त्या पुडक्यात घातल्या आणि माझ्या हातात दिलं. "मोज."

मी मोजलं. सोळा.

"पुन्हा मोज. तो दोनदा मोजायचा."

पुन्हा मोजलं. सोळा. अक्कांनी रबर लावलं, पुडकं कप्प्यात ठेवलं, आणि कपाटावरून वही काढली. पंच कसा धरायचा ते त्यांना कळेना. मी पान धरलं, त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. पहिलं भोक वाकडं पडलं. दुसरं बरं. तिसऱ्याला त्यांचा हात बसला.

वही त्यांनी मला दिली. म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. तू ठेव."

पान फाडलेलं नाही अण्णा. सोळा भोकं आहेत. आठशे पुरे झाले. शॉर्ट नाही.